बंदूक नांदेल असं स्थळ

कुठल्याही देशाचं नाव निघालं की पालवकाका पहिला प्रश्न विचारत, "तिथे बंदूक नांदेल का?"

माणसं हवा विचारतात, महागाई विचारतात, शाकाहारी जेवण मिळतं का ते विचारतात. काकांना यातल्या कशाशीच देणंघेणं नव्हतं. त्यांच्या ऑफिसातला एकजण न्यूझीलंड फिरून आला आणि हौसेने डोंगरांचे फोटो दाखवू लागला. काकांनी चष्मा कपाळावर चढवला, फोटो नीट पाहिले आणि म्हणाले, "डोंगर ठीक आहेत. पण परवान्याआधी पोलिस घरी येऊन चौकशी करतात म्हणे. सासरचा जाच पहिल्या दिवसापासून."

काका मरीन इंजिनिअर. अर्धं आयुष्य जहाजांच्या इंजिनरूममध्ये गेलं, उरलेलं सिंगापुरात हार्बरफ्रंटच्या एका शिपिंग ऑफिसात चाललं होतं. लग्न केलं नाही. तोआ पायोहच्या त्यांच्या फ्लॅटमधल्या एका खोलीत मी दोन वर्षं राहिलो. मी आंग मो किओच्या एका कंपनीत नोकरीला होतो. मी पुण्याचा, म्हणून त्यांनी माझं नाव कधी घेतलंच नाही. मी 'पुणेकर'.

आमच्या घरी लग्नपत्रिकांपेक्षा पत्रकं जास्त आली. युद्धाविरुद्ध, धरणाविरुद्ध, फाशीविरुद्ध. मी चालायला लागायच्या आधी पत्रकांच्या घड्या घालायला शिकलो असं आई सांगते. तेव्हा जगातली प्रत्येक बंदूक वितळवून तिचे विळे-कोयते करावेत हे माझं मत पक्कं होतं. आजही आहे. हे इथेच लिहून ठेवतो, म्हणजे पुढचं वाचून कुणी मला फितूर म्हणायला नको.

काकांकडे एक लांबट वही होती. लग्नाळू मुलीचा बाप ठेवतो तशी. प्रत्येक पानावर एक देश, त्याखाली तीन रकाने: घराणं, अटी, नकाराचं कारण. ती वाचून मी आधी चिडलो आणि मग हसू आवरेना.

'स्वित्झर्लंड. घराणं खानदानी, घरोघरी आहे. पण परक्याला ओटीवरच बसवतील.'

'ऑस्ट्रेलिया. का हवी, याचं सबळ कारण मागतात. लग्न का करायचं आहे, याला सबळ कारण कोणाकडे असतं?'

'जपान. जुनी बंदूक शिक्षण खात्याकडे नोंदवतात. म्हणजे जावई शाळामास्तर. अभ्यास घेऊन मारतील.'

'इंग्लंड. म्हातारी बंदूक भिंतीला टांगून ठेवा म्हणतात, काम सांगायचं नाही. सून शोभेला ठेवणारं घर.'

अमेरिकेला मात्र एक पान पुरलं नव्हतं. एक घर आणि चुली पन्नास, असं काका म्हणत. एका राज्यात हसत होकार, नदी ओलांडली की दार बंद. मला वाटलं होतं, टेक्सासच्या पानावर तरी अक्षता पडल्या असतील. तिथे तर लाल शाईची फुली होती.

"का हो काका? तिथे तर बंदुकीला देव्हाऱ्यात ठेवतात."

"आमची ठासणीची आहे, पुणेकर," काका गंभीरपणे म्हणाले. "नळीत दारू ओतायची, गजाने ठासायची, मग बार. भरेपर्यंत चहा उकळून होतो. आणि त्यांच्या कायद्यात असल्या बंदुकीला बंदूकच मानत नाहीत. पुराणवस्तू म्हणे. एवढी खुली माणसं आणि आमच्या मुलीला मुलगीच म्हणायला तयार नाहीत. असल्या घरी मी पाणी पिणार नाही."

ही ठासणीची बंदूक काकांच्या वडिलांची. गाव कणकवलीच्या पुढे, डोंगराच्या कुशीत. माकडं आणि रानडुकरं यांच्यापासून पीक राखायला तिकडे शेतकऱ्याला परवाना मिळतो. निवडणूक आली की गावातल्या सगळ्या बंदुका पोलिस ठाण्यात जमा करायच्या, निकाल लागला की परत आणायच्या. एका निवडणुकीत वडील बंदूक जमा करून आले आणि निकालाच्या आधीच गेले. परवाना त्यांच्या नावावर, तोही त्यांच्याबरोबर गेला. बंदूक ठाण्यातच राहिली.

त्याला तीन वर्षं झाली होती. दरवर्षी काका रजा घेऊन गावी जात आणि अर्धी रजा ठाण्याच्या व्हरांड्यात काढत. हवालदार ओळखीचे झाले होते. ते बंदूक बाहेर आणून देत, काका तिला खोबरेल तेल लावत, पुसत आणि परत करत. परत येताना माझ्यासाठी कोकमं आणत आणि स्वतःसाठी एक नवीन निश्चय. "या वर्षी सोडवतोच."

"पण तिचा या देशांशी काय संबंध?" मी एकदा विचारलंच.

"दोन वर्षांत रिटायर होईन. इथला कामाचा पास संपेल. मग कुठेतरी राहायचंच आहे ना? जिथे ती नांदेल तिथे मी राहीन."

मी त्यांच्याशी रोज भांडत असे. भांडणाची जागा खालच्या हॉकर सेंटरमधलं, म्हणजे खाण्याच्या गाळ्यांमधलं, कॉफीचं टेबल. "काका, तुम्ही बसलाय तो देश बघा. इथे कुणाकडे बंदूक नाही आणि बाया-पोरी केव्हाही निर्धास्त फिरतात. यातून काही शिका."

"सिंगापूर मी पहिल्याच पानावर बाद केलंय. इथे फसवणूक आहे. विचार त्याला." त्यांनी कॉफीवाल्या चिनी अंकलकडे बोट केलं. "प्रत्येक मुलाला सैन्यात बोलावून दोन वर्षं रायफल हातात देतात, अंगवळणी पडली की काढून घेतात. साखरपुडा करायचा आणि मोडायचा."

अंकलला 'रायफल' एवढंच कळलं. कपबशी ठेवता ठेवता तो म्हणाला, "रायफल आह? वन स्मॉल पार्ट लॉस्ट, व्होल नाइट फाइंड, कॅनॉट स्लीप. नो नीड, ला."

"बघा," मी म्हणालो. "त्यालाही नकोय."

"त्याची वापरायची होती," काका म्हणाले. "माझी सांभाळायची आहे."

मराठी मंडळात त्यांची वही प्रसिद्ध होती. तिथल्या एक बाई गणपतीच्या प्रसादाचा द्रोण त्यांच्या हातात देत म्हणाल्या, "पालव, यातली निम्मी स्थळं स्वतःसाठी पाहिली असती तर आज नातवंडं असती." काकांनी द्रोण घेतला. "माझ्या अटी कमी होत्या हो, म्हणून कुणी मनावर घेतलं नाही," म्हणाले आणि बुंदी वेचून खाऊ लागले.

मग जिल्ह्याच्या कचेरीतून पत्र आलं. वारसाने सहा आठवड्यांत आपल्या नावाने परवाना मिळवावा, नाहीतर शस्त्र सरकारजमा होईल आणि नष्ट केलं जाईल.

काकांनी ते पत्र तीन वेळा वाचलं. वही कपाटात ठेवली आणि माझ्या दारात येऊन उभे राहिले. "पुणेकर, तुझी भाषा तिखट आहे. अर्ज लिही."

बंदुकीसाठी अर्ज, आणि मी लिहायचा. मी नाही म्हणणारच होतो. पण इंजिनरूमच्या आवाजाने जरासे बहिरे झालेले, उत्तर नीट ऐकू यावं म्हणून मान पुढे काढून उभे असलेले काका बघून माझ्या तोंडून नाही निघेना. मी लिहिलं. तीन पानं लिहिलं. शेतकऱ्याच्या मुलाचा हक्क, नोकरशाहीची बेपर्वाई, सगळं घातलं.

काकांनी वाचून पेन मागितलं. "यात 'धिक्कार' तीनदा आहे. आपण मागायला चाललोय, मोर्चा न्यायला नाही." त्यांनी तिन्ही धिक्कार खोडले. अर्ज एका पानाचा झाला.

उत्तर आलं ते दोन ओळींचं. अर्जदार परदेशी राहतो, शेती करत नाही. तो कोणत्या पिकाचं रक्षण करणार आहे?

काका दाराबाहेरच्या कॉरिडॉरमध्ये जाऊन उभे राहिले. तिथे त्यांची एक कुंडी होती. "कढीपत्ता लिहू या," ते म्हणाले. "साळुंक्या पानं तोडतात."

"मी खोटं लिहिणार नाही, काका."

"खोटं कुठे? तोडतात."

"काका, प्रश्न बरोबर आहे त्यांचा. वाईट वाटेल, पण बरोबर आहे. ज्याचं पीक त्याची राखण. आपण कुठलं पीक राखतोय?"

ते माझ्याशी दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी, शनिवारी सकाळी, त्यांच्या वहिनीचा फोन आला. सुमनवहिनी म्हणजे मोठ्या चुलतभावाच्या बायको. चुलतभाऊ वारले, तेव्हापासून गावच्या सामायिक घरात राहून काकांच्या वाटणीची शेतीही त्याच करत होत्या. वय साठीच्या पुढे. फोन स्पीकरवर होता, कारण काकांना तसंच ऐकू येई.

"भावजीनू, तुमी दुनियाभर तिच्यासाठी घर बघतास," वहिनी म्हणाल्या, "आनी हय माकडां माझ्या चुलीवरची भाकरी नेतत. माझो अर्ज मंजूर होयत, साहेब बोललो. तुमची सही व्हयी. ही बंदूक वहिनीक द्या, माझी हरकत नाय, इतक्याच."

काकांनी कपाटातून वही काढली. नवं पान उघडलं. मला वाटलं चेष्टा करतील, पण ते एकेक प्रश्न असा विचारत होते की जणू मांडवच उभा आहे.

"पावसात कुठे ठेवाल?"

"चुलीच्या वरच्या फळीवर. मामंजी ठेवायचे थयच."

"तेल?"

"खोबरेल. घरचां. तुमी तकडसून पाठवू नकात."

"माकडांवर झाडाल?"

"मेल्यांका मारून काय करू? हनुमंताची जात ती. आवाज पुरे."

काकांनी लिहून घेतलं. वही मिटली आणि फोन न ठेवताच मला म्हणाले, "ना-हरकत लिही."

मी लिहिलं. एकही धिक्कार नाही. फक्त एक वाक्य माझ्या हट्टाने घातलं: नळी नेहमी आभाळाकडे राहील. बंदुकीच्या बाजूने मी लिहिलेला एवढाच कागद, आणि तो लिहिल्याची मला लाज वाटत नाही. काकांनी ते वाक्य वाचलं, खोडलं नाही. पेन मात्र सहीच्या जागेवर आणून थांबवलं.

"दुपारी बारा वाजता माकडं उतरायची," ते म्हणाले. "बाबा शेतातून एक बार काढायचे आणि घरी यायला निघायचे. घरात आवाज आला की आई ताट वाढायला घ्यायची. बाबा पायरीवर येईपर्यंत भात वाढलेला. मला वाटायचं, बार हा भाताचाच एक भाग आहे. पहिल्यांदा जहाजावर गेलो तर बाराला जेवणाची घंटा व्हायची. मला भूकच लागायची नाही."

त्यांनी सही केली.

तेव्हा माझ्या लक्षात आलं की दोन वर्षांत मी या माणसाला वेळेवर ताट घेऊन बसलेलं पाहिलं नव्हतं. ओट्यापाशी उभं राहून, पातेल्यात चमचा घालून, दोन-चार घास. त्याला ते जेवण म्हणत. आणि मी, अख्ख्या जगाच्या शांततेची काळजी वाहणारा, बाजूला बसून निमूट माझं ताट संपवत असे.

परवाना वहिनींच्या नावाने झाला. मुदत संपायला चार दिवस उरले असताना बंदूक घरी गेली. काकांनी ही बातमी मला मेकॅनिक इंजिन सुरू झाल्याचं सांगतो तशी सांगितली, आणि मग टॉयलेटचा नळ दुरुस्त करत बसले. चांगला होता तो नळ.

त्या रविवारी मी जेवून उठलो होतो. काकांचे पातेल्यातले चार घास केव्हाच झाले होते. अडीच वाजता फोन वाजला, म्हणजे गावी बारा.

"भावजीनू, कानापासून जरा लांब धरा," वहिनी म्हणाल्या.

मग काही वेळ नुसती खुडबूड, गजाचा आवाज, वहिनींचं पुटपुटणं. काका खुर्चीच्या कडेला बसून होते. बार झाला. फोनमधून तो अगदी लहान आला, डब्याचं झाकण पडल्याएवढा. मागून कुत्री भुंकली, कावळे उठले, आणि वहिनी माकडांच्या सात पिढ्यांना काहीतरी म्हणाल्या.

"ऐकलात?"

"ऐकलं," काका म्हणाले. त्यांनी फोन ठेवला. उठून दोन ताटं काढली, पुसली, समोरासमोर मांडली. कुकर उघडून भात वाढला, त्यावर आमटी, बाजूला लिंबाची फोड. मग खुर्ची ओढून बसले.

"बस, पुणेकर."

मी हात धुतले आणि बसलो.