प्रणालीचं डोकं विचाराधीन आहे

नागपुरात, नंदनवनच्या मागच्या गल्लीत, बारापात्रे यांच्या घरी डोकं दुखण्यास मनाई नाही. फक्त ते खरंच दुखतंय का, हे ठरवण्याचा अधिकार ज्याचं डोकं आहे त्याच्याकडे नाही. तो ईश्वरदास बारापात्रे यांच्याकडे आहे.

ईश्वरदास हे प्रणालीचे सासरे. त्यांच्या वडिलांपर्यंत घरात हातमाग चालला. ईश्वरदासांनी मात्र धोट्याऐवजी लेखणी धरली आणि एका सरकारी कचेरीच्या रजा विभागात एकतीस वर्षं काढली. आजारपणाच्या रजेचे अर्ज तपासणं हे त्यांचं काम. कारणाच्या रकान्यात 'डोकेदुखी' दिसलं की ते आधी चष्मा पुसत. ताप मोजता येतो, हाड मोडलं तर फोटो निघतो, जुलाब तर कुणी लपवू म्हटलं तरी लपत नाहीत. डोकेदुखीला मात्र अर्जदाराच्या शब्दाखेरीज पुरावा नसतो. आणि अर्जदाराच्या शब्दावरच विश्वास ठेवायचा तर सरकारने छाननी करणारा माणूस नेमलाच कशाला? एकतीस वर्षांत त्यांनी नऊशेच्या वर डोकी खोटी ठरवली. निवृत्तीच्या दिवशी कचेरीने त्यांना शाल, श्रीफळ आणि भिंतीवरचं घड्याळ दिलं. सवय तेवढी ते आपली आपणच घरी घेऊन आले.

त्यांचं स्वतःचं डोकं दुखलं तर छाननी लागत नसे, कारण अर्जदार आणि मंजुरी देणारा अधिकारी एकच. मुलगा पंकज याचं डोकं दुखलं तर त्याची आई, चंद्रकलाबाई, जामीन राहायच्या. नात उन्नती साडेचार वर्षांची. ती नुसती पलंगावरून घसरली तरी सगळं घर डॉक्टरकडे धावायचं. राहिली प्रणाली. तिचं डोकं कधीमधी दुखायचं, पण ते दुखलं तरी पोळ्या होत असत, त्यामुळे प्रकरण वरपर्यंत जात नसे.

त्या शनिवारी सकाळी नऊ वाजता ते गेलं. दुसऱ्या दिवशी उमरेडहून बावीस पाहुणे सावजी मटण खायला यायचे होते. तीस माणसांचा रस्सा शिजेल असा जर्मनचा मोठा गंज, म्हणजे ॲल्युमिनियमचं पातेलं, माळ्यावर पालथा पडला होता. प्रणाली स्टुलावर चढली. उन्नतीने एका हातात दुधाचा पेला धरला आणि दुसऱ्या हाताने स्टुलाचा पाय, आई पडू नये म्हणून. आई पडली नाहीच. गंज पडला. तो प्रणालीच्या उजव्या कानाच्या वर आदळला आणि घरंगळत थेट स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेला.

चंद्रकलाबाई धावत आल्या. त्यांच्या वाटेत आधी गंज आला, म्हणून त्यांनी आधी गंज पाहिला.

"गंजाले पोचा आला ना वं," त्या म्हणाल्या. मग वर बघून, "तुले तर नाही लागलं?"

"लागलं आई. इथं, कानाच्या वर."

चंद्रकलाबाईंनी तिचे केस बाजूला करून पाहिले. रक्त नव्हतं. टेंगूळ होतं, पण टेंगूळ या घरात जखमेत धरत नाहीत. त्यांनी मायेनं ओल्या फडक्याची पट्टी ठेवली आणि गंज ईश्वरदासांपुढे नेला.

ईश्वरदासांनी तो उजेडात धरला, पोच्यावरून अंगठा फिरवला आणि पंकजला हाक मारली. "पोचा दिसते तेवढा साधा नसते गा. वरून काही वाटत नाही, पण आतून चीर धरते. आज नाही दाखवला तर उद्या शेगडीवर ठेवल्याबरोबर फाटंल. आताच्या आता इतवारीत घेऊन जा, कसाराले दाखव."

पंकजने गंज स्कूटरवर दोरीने बांधला आणि निघाला. इतवारीतल्या कासाराने गंज चारी अंगांनी ठोकून आवाज ऐकला, पोचा काढला, पाणी भरून तासभर नजरेखाली ठेवला, कुठून पाझरत नाही ना ते पाहिलं. पंकजने तसं फोनवर कळवलं. सगळ्या घराने सुटकेचा निःश्वास सोडला.

दरम्यान प्रणालीचं दुखणं वाढत चाललं होतं. तिने आधी चंद्रकलाबाईंना सांगितलं, मग पुन्हा सांगितलं, आणि दहाच्या सुमारास ईश्वरदासांना सांगितलं. त्यांनी तिला समोरच्या खुर्चीत बसवून रीतसर जबाब घेतला. दुखणं कधीपासून, नेमकं कुठं, पूर्वी असं दुखलं होतं का. प्रणालीने उत्तरं दिली. मग त्यांनी तो प्रश्न विचारला ज्यावर एकतीस वर्षांत भले भले अर्जदार गडबडले होते.

"उद्या बावीस पाहुणे येऊन राहिले, हे तुले दुखणं सुरू होण्याआधी माहीत होतं का?"

"होतं ना बाबा. म्हणून तर गंज काढत होती."

ईश्वरदासांनी मान हलवली. सुट्टी, लग्नसराई आणि पाहुणे यांच्या आदल्या दिवशी डोकी जास्त दुखतात, हा त्यांचा अनुभव होता. तरीही ते अन्यायी नव्हते. त्यांनी अर्ज फेटाळला नाही. 'निरीक्षणाखाली ठेवावे' असा निर्णय दिला. निरीक्षणाखाली म्हणजे त्यांच्या आरामखुर्चीतून दिसेल अशा जागी. तिथे बसून तिने दोन किलो लसूण सोलायचा होता.

एक किलो झाला असेल नसेल, प्रणाली उठली, मोरीकडे धावली आणि भडभडून ओकली.

इथे प्रकरणाला वेगळं वळण लागलं. उलटी हा पुरावा आहे. ती दिसते, ऐकू येते, तिला साक्षीदार असतात. ती खोटी म्हणण्याची सोयच नाही. प्रश्न एवढाच की ती कोणत्या खात्याची. आणि बारापात्र्यांकडे तरण्या सुनेची उलटी डोक्याच्या खात्यात जमा करण्याची पद्धत नव्हती. दुसरी उलटी झाली तशा चंद्रकलाबाई दाराला टेकून हसल्या. दोन वर्षांपासून त्या 'उन्नतीले भाऊ नको का' असं देवापासून भाजीवाल्यापर्यंत सगळ्यांना विचारत होत्या.

"आई, तसं काही नाही," प्रणाली चूळ भरत म्हणाली. "डोकं फुटून राहिलं माझं."

"उन्नतीच्या वेळेसही तुले असंच गरगरत होतं," चंद्रकलाबाई म्हणाल्या. "लाजतं कायले?"

पोटाचं खातं चंद्रकलाबाईंकडे होतं आणि तिथे छाननी नव्हती, थेट मंजुरी होती. पाच मिनिटांत उमरेडला फोन गेला. लसणाची परात उचलली गेली. प्रणालीच्या पाठीशी उशी आली, हातात शहाळं आलं, पंखा तिच्याकडे वळवण्यात आला. ईश्वरदासांनी टीव्हीचा आवाज कमी केला, जो त्यांनी निवृत्तीनंतर कधी कमी केला नव्हता. पंकज गंज घेऊन परतला तेव्हा त्याच्या तोंडात पेढा कोंबण्यात आला आणि सुनेच्या, म्हणजे बायकोच्या, डोक्याची विचारपूस करायला निघालेला तो पेढा चघळत दारातच थांबला. प्रणालीच्या डोळ्यांवर झापड येऊ लागली. चंद्रकलाबाई म्हणाल्या, येणारच, दोन जिवांची आहे. तिचे शब्द जड झाले. चंद्रकलाबाई म्हणाल्या, बोलू नको, थकशील.

उन्नती फणी आणि लाल रिबीन घेऊन आईच्या मांडीशी येऊन बसली. प्रणालीने तिचे केस विंचरले, भांग पाडला, वेणी घातली, रिबीन बांधली. मग रिबीन सोडली, वेणी उकलली आणि पुन्हा घालायला घेतली.

"आई," उन्नती मान न वळवता म्हणाली, "तू माझी एकच वेणी दोन दोनदा घालून राहिली."

प्रणालीचे हात थांबले. समोर तेलाचा वास येणारी एवढीशी मान होती. मानेवरचा तीळ तिच्या ओळखीचा होता. तो तिने पहिल्या दिवशी, दवाखान्याच्या पाळण्यात, इतर कुणाच्या आधी शोधला होता. पण या पोरीचं नाव काय, ते तिला सापडेना. मनातल्या मनात ती घरातल्या सगळ्या खोल्यांतून फिरून आली, नाव कुठेच नव्हतं. मग ते आलं, उन्नती, पण ते यायला लागला तेवढा वेळ प्रणालीला पुरला. तिला कळलं की आपल्या डोक्यात काहीतरी बिघडलंय, आणि आता दवाखान्यात गेलो नाही तर या पोरीच्या वेण्या दुसऱ्या कुणाला घालाव्या लागतील.

तिची पाळी मंगळवारीच संपली होती. एवढं एक वाक्य बोललं असतं तर सगळा गैरसमज मिटला असता. उशी निघाली असती, शहाळं निघालं असतं, लसणाची परात परत आली असती. प्रणालीने तोंड उघडलं आणि मिटलं. मग शक्य तेवढं स्पष्ट म्हणाली, "आई, मले लय भीती वाटून राहिली. बाळाले दाखवून आणा ना."

खोट्या अर्जदारांचं आयुष्यभर निर्दालन केलेल्या माणसासमोर, त्याच्याच घरात, भरदुपारी एक खोटा अर्ज दाखल झाला. तो चार मिनिटांत मंजूर झाला.

ऑटो आला. मागे प्रणाली, चंद्रकलाबाई आणि त्यांच्या मांडीवर उन्नती बसली, पंकज स्कूटरवर मागोमाग निघाला. ईश्वरदास स्वतः ड्रायव्हरच्या शेजारी कसेबसे टेकले आणि धंतोलीपर्यंत प्रत्येक खड्ड्याला त्याला बजावत गेले, "हळू गा. पोटुशी पोरगी हाय मागं." वाटेत तिसरी उलटी झाली. चंद्रकलाबाईंनी कौतुकाने पिशवी धरली.

हॉस्पिटलच्या दुसऱ्या मजल्यावर बायकांच्या डॉक्टर बसत. आत फक्त पेशंट, असा तिथला नियम होता. प्रणालीला आयुष्यात पहिल्यांदाच एखादा नियम आवडला. दार लागताच तिने खुर्चीचा हात घट्ट धरला.

"पाळी कधी आली होती?" डॉक्टरांनी विचारलं.

"मंगळवारी संपली. मी गरोदर नाही मॅडम." शब्द एकेक करून बाहेर येत होते. "सकाळी नऊला डोक्यावर मोठं भांडं पडलं. दुखणं वाढतच चाललंय. तीन उलट्या झाल्या. झोप येतेय. मघाशी मुलीचं नाव आठवेना."

डॉक्टरांचं पेन थांबलं. "मग माझ्याकडे काय आलात?"

"दुसऱ्या कुणाकडे आणलं नसतं मला."

डॉक्टरांनी तिच्या डोळ्यांत उजेड टाकून पाहिला आणि त्याच हाताने फोन उचलला. चाकाची खुर्ची आली. पुढच्या अर्ध्या तासात प्रणालीच्या डोक्याचा सीटी स्कॅन झाला. कवटीच्या आत, उजव्या कानाच्या वर, रक्त साकळलं होतं आणि मेंदूला दाबत होतं. लगेच ऑपरेशन करावं लागणार होतं.

मेंदूचे डॉक्टर बाहेर आले आणि त्यांनी हे सगळं साध्या मराठीत सांगितलं. पंकज मटकन खाली बसला. चंद्रकलाबाईंनी पदर तोंडाला लावला. "पण बाळ? बाळ तर बरं हाय ना?"

"बाळ नाहीये," डॉक्टर म्हणाले.

उमरेडला फोन गेला होता. पेढे वाटून झाले होते. चंद्रकलाबाईंच्या डोळ्यांतलं पाणी होतं तिथेच थांबलं. सुनेच्या डोक्यात रक्त साकळलंय याचं दुःख आधी करावं, की तिने आपल्याला फसवलं याचं, हे त्यांना ठरवता येईना.

ईश्वरदासांनी स्कॅनची फिल्म मागून घेतली. खिडकीच्या उजेडात धरून ते ती बराच वेळ निरखत राहिले. फोटोत आलेली डोकेदुखी ते पहिल्यांदाच पाहत होते. "हे असं आधी दाखवलं असतं," ते शेवटी म्हणाले, "तर मी नाही म्हटलं असतं का? पण खोटं कारण देऊन मंजुरी घेतली. हे काही बरोबर नाही झालं."

डॉक्टरांना घाई होती. स्ट्रेचर बाहेर आलं होतं, प्रणाली त्यावर डोळे मिटून पडली होती, आणि त्यांच्या हातातल्या फॉर्मवर एक रकाना रिकामा होता. पेशंटने पहिल्यांदा तक्रार केव्हा केली?

"केलीच नाही," चंद्रकलाबाई म्हणाल्या. "एका शब्दानं बोलली नाही पोरगी."

"दहाच्या सुमारास तोंडी काहीतरी सांगितलं होतं," ईश्वरदास म्हणाले. "ठाम स्वरूपाचं नव्हतं."

पंकज म्हणाला की तो इतवारीत होता.

उन्नती स्ट्रेचरच्या दांडीला धरून उभी होती. तिला कुणी विचारलं नव्हतं. "मी दूध पीत होती तेव्हा सांगितलं," ती म्हणाली. "मग आजीनं कुकर लावला तेव्हा सांगितलं. मग आबा पेपर वाचून राहिले होते तेव्हा सांगितलं. मग मले सांगितलं. मी फुंकर घातली."

स्ट्रेचरवर मिटलेल्या डोळ्यांच्या कडेने पाणी आलं. फॉर्ममध्ये पुढचा रकाना होता विस्मरणाचा. डॉक्टरांनी पेशंटकडे पाहिलं, मग तिच्या तिन्ही मोठ्या नातेवाइकांकडे पाहिलं, आणि 'आहे' असं लिहिलं. कुणाला, त्यासाठी जागा नव्हती.

ऑपरेशन चांगलं झालं. अकराव्या दिवशी प्रणाली घरी आली, अर्ध्या डोक्याचे केस गेलेले, पण सगळी नावं पाठ. भेटायला सगळी गल्ली येऊन गेली. प्रत्येकाने तिचा हात हातात घेतला आणि प्रत्येकाने विचारलं, अगं, आधी सांगायचं नाही का? ती हसायची. ईश्वरदासांनी घरात सुधारणा म्हणून फ्रिजला एक तक्रारवही टांगली, सोबत सुतळीने पेन बांधलं. पहिल्या महिन्यात तिच्यात चार नोंदी झाल्या. चारही त्यांच्याच होत्या आणि चारही त्यांनी तातडीने मंजूर केल्या.

तुम्ही हसलात. हसायला हरकत नाही. पण मघाशी, चौथ्या-पाचव्या परिच्छेदाच्या आसपास, आतल्या खोलीतून कुणीतरी डोकं दुखतंय म्हणालं होतं. तुम्ही 'हं' म्हणालात. मान वर केली नाहीत.