तात्या वेशीपर्यंत येतात

"येऊ दे… येऊ दे… अजून येऊ दे… बास!"

घोटीच्या राईस मिलच्या आवारात हमाल बापाचा, कोंडाजीचा, हा आवाज महेशनं लहानपणी ऐकला होता. पाठीवर पोतं घेण्याआधी कोंडाजी परक्या गाड्यांना वाट दाखवायचा. दोन्ही हात हवेत हलवायचा, आणि एवढा थोरला ट्रक त्या हातांपुढं गरीब गाईसारखा मागं सरकायचा. गाड्या आल्या, भरल्या, गेल्या. कोंडाजी तिथंच राहिला. तेव्हाच पोरानं मनात गाठ मारली होती, एक दिवस ह्या फाटकातून बापासमोर आपली गाडी आत न्यायची, आणि स्टिअरिंगवर आपणच बसायचं.

दुसऱ्यांच्या गाड्यांवर ड्रायव्हरकी करता करता तो दिवस जवळ आला. मिलचे शेठ म्हणाले, "सोमवारी दुपारच्या आत स्वतःची गाडी लाव, भाताचा सगळा हंगाम तुझा. नायतर दुसरा उभाच हाय."

महेशच्या बायकोनं, उज्वलानं, मोबाईलवर गाडी शोधून काढली. गाडी देखणी होती, पण उदगीरच्या पलीकडं, महाराष्ट्राच्या पार दुसऱ्या टोकाला.

"एवढ्या लांबून आणायची?" महेश म्हणाला.

"जवळच्या बघून झाल्या ना? एकीला इंजिन नव्हतं, अन् एकीला मालक चार होते."

गाडीचे मालक देवरामतात्या. आयुष्य स्टिअरिंगवर गेलेलं, आता पोरांनी घरी बसवलेलं. शनिवारी महेश-उज्वला तिकडं पोचले, सौदा झाला, कागदांवर सह्या झाल्या. रविवारी सकाळी तात्यांच्या बायकोनं, सुमनबाईंनी, पाहुण्यांना पिठलं-भाकरी वाढली, गाडीच्या कपाळाला हळद-कुंकू लावलं आणि हलक्या आवाजात ओवी म्हटली:

"लेक निघाली सासरी, चाकापुढं नारळ,
वाटंच्या वळणांनो, हिला नेऊन सोडा सरळ."

तात्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते पाहून महेशच्या तोंडून एक वाक्य निघालं. आपल्याकडं ते सगळेच म्हणतात आणि खरं कुणीच धरत नाही.

"तात्या, चला की आमच्याकडं चार दिवस. त्र्यंबकेश्वराचं दर्शन होईल."

"नको, नको. वेशीपर्यंत येतो," तात्या म्हणाले, आणि थेट ड्रायव्हरच्या जागेवर चढले. "वेशीपर्यंत मीच नेतो. नवखा हात लागला की बिचकती ती."

सुमनबाई दारातून काहीतरी सांगायला पुढं आल्या, पण पदर तोंडाला लावून तशाच थांबल्या.

वेस आली. वेस गेली.

"तात्या, वेस…"

"तिथं गाडी उभी करायला जागा कुठंय लेकरा? फाट्यावर उतरतो."

फाट्यावर एसटी नव्हती. लातूरला होती, चांगली उभी होती. तात्यांनी तिच्याकडं एकदा बघितलं आणि मान हलवली. "त्या ड्रायव्हरचं क्लच दाबणं मला पसंत नाही." पुढं मांजरसुंब्याचा घाट आला, तर तेवढा उतरवून देणं त्यांना भागच होतं. "घाटात हिचा स्वभाव तुला काय माहीत?"

मधे उज्वला, डाव्या खिडकीत महेश. गर्दीच्या रस्त्यात तो मान बाहेर काढून ओरडत होता, "येऊ द्या तात्या, येऊ द्या!"

"मालक," उज्वला त्याच्या कानाशी लागली, "स्वतःच्याच गाडीत क्लीनर झालात की."

"सकाळी कुणाचं पिठलं खाल्लं आपण?"

"त्यांचं."

"मग ते पोटात असताना त्यांना 'उतरा' कसं म्हणू?"

"म्हणजे पिठलं जिरायची वाट बघायची?"

पण तात्या ते जिरू देतील तर ना! दुपारचं जेवण त्यांच्या ओळखीच्या ढाब्यावर झालं. 'माझे पाव्हणे हैत, घोटीचे,' असं सांगून त्यांनी महेशला खिशात हात घालू दिला नाही. जामखेडला उतरून उज्वलाला हिरव्या बांगड्या भरल्या. "लेकीसारखी हैस. रिकाम्या हातानं कसं धाडावं?"

"आता?" महेशनं विचारलं.

"आता तर ते माझे बाप झाले," उज्वला बांगड्या वाजवत म्हणाली. "माझ्या बापाला उतरवलंत तर बघा."

दर थोड्या वेळानं सुमनबाईंचा फोन यायचा. "उतरले का गं?"

"नाय हो काकू, पुढच्या स्टँडवर उतरतील."

मग, "बरं… घाई नको करूस," आणि पुन्हा एक शब्द गळ्याशी येऊन परत जायचा.

नगरच्या पुढं एका ढाब्यावर मुक्काम झाला. सोमवारी सकाळी सिन्नर आलं, तात्या चहा सांगायला उतरले, आणि महेशनं झडप घालून स्टिअरिंग धरलं. घोटी आता समोर होती. बापासमोर डाव्या खिडकीतून आत शिरायचं नाही म्हणजे नाही.

"एकदा 'उतरा' म्हणून बघा," उज्वला म्हणाली.

"तात्या, गाडी आता माझी हाय. तुम्ही उतरा." स्टिअरिंगला त्यानं हे अगदी ठणकावून सांगितलं.

हातात चहाचे तीन ग्लास सांभाळत तात्या ड्रायव्हरच्या दाराशी आले. वर बघितलं. चहाची वाफ दोघांच्या मधे हलत राहिली.

"तात्या…" महेशनं डाव्या दाराकडं बोट केलं. "तात्या, त्या बाजूनं बसा."

उज्वलानं कपाळाला हात लावला.

तात्यांनी चहा वर दिला आणि गाडीला अर्धा वळसा घालून, एका हातानं तिच्या अंगाला चाचपत, डाव्या बाजूनं चढले. चहा संपवून महेशनं गाडी काढली. एका चढावर गाडी धापा टाकू लागली.

"दुसऱ्यात टाक."

महेशनं गिअर टाकला.

"आता सोड… हां." तात्या खिडकीबाहेर बघत म्हणाले, "बरी चालायली रे तुझ्या हातानं."

दुपार व्हायच्या आत गाडी राईस मिलच्या फाटकातून आत गेली. कोंडाजी पोत्यांच्या थप्पीमागून आला आणि गाडीकडं न बघता वर बसलेल्या मुलाकडंच बघत राहिला. शेठनी गाडीभोवती एक चक्कर मारली.

"गाडी कुणाची?"

महेशचं लक्ष बापाकडंच होतं. डाव्या खिडकीतून उत्तर आलं.

"महेशरावांची. कालपर्यंत माझी होती."

हंगाम मिळाला. पेढे वाटले. आता एकच काम राहिलं होतं. रस्ताभर जे जमलं नाही ते आता करायचंच, असा निश्चय करून महेश फोन घेऊन मिलच्या मागं गेला. तात्या कोंडाजीला गाडीचा स्वभाव समजावत होते.

"काकू, संध्याकाळच्या एसटीनं तात्यांना बसवून देतो. उद्या घरी पोचतील. काळजी करू नका."

ह्या वेळी मात्र सुमनबाई बोलल्या.

"महेशराव, एक सांगू का? काल तुम्ही निघालात तेव्हापासून जिभेवर हाय. पण बाईमाणसानं कसं म्हणावं…"

"बोला की काकू."

"जलमभर ह्या माणसाची वाट बघितली मी. हॉर्न वाजला की चूल पेटवायची. गाडी थांबली, ते घरी बसले, अन् माझं ते कामच गेलं. समोर बसलेल्या माणसाची वाट कशी बघावी, सांगा! काल दिवेलागणीला उंबऱ्यात उभी राहिले. लई दिवसांनी केस विंचरले." सुमनबाई थोडं थांबल्या. "त्यांना बोलू नका हे. पण चार दिवस ठेवून घ्या की तिकडंच. जरा वाट बघू द्या मला."