सदतीस ॲडमिन आणि एक नळ

माहिती ही सार्वजनिक संपत्ती आहे. ती कुणाच्या फोटोखाली ठेवायची, एवढाच प्रश्न लोकशाहीत शिल्लक राहतो, आणि तो आमच्या गावाने समाधानकारकरीत्या निकाली काढला आहे.

डोणगावपासून सहा किलोमीटरवरच्या या गावात धम्मरत्न घरी बसून काम करतो. वेबसाइट चालवायचं एक सॉफ्टवेअर आहे; कोडिंग न येणाऱ्यालाही त्यात मजकूर टाकता येतो, बदलता येतो. धम्मरत्न ते बनवणाऱ्यांपैकी एक, शिवाय त्याचा प्रचारक. मेहकरच्या कॉलेजात जाऊन तो पोटतिडकीने सांगतो, की ज्याला सकाळी फुलांचा फोटो फॉरवर्ड करता येतो त्याला वेबसाइट चालवता येते. (हे खरं आहे. दुर्दैवाने.)

गावाची साइट त्याने आईसाठी केली. जनकाबाई रोजाने शेतात निंदायला जाते. आमच्याकडे नळ आठ दिवसांनी येतो आणि वेळ सांगून येत नाही, म्हणून नळाच्या दिवशी तिचा रोज बुडतो. साइटवर एकच ओळ असणार होती: पाणी कधी. ती व्हॉल्व्ह सोडणारा मोतीराम टाकणार होता. योजना उत्तम होती. तिच्यात फक्त गाव धरलेलं नव्हतं.

सॉफ्टवेअरमध्ये पदं असतात. सगळ्यात वर ॲडमिन, मग संपादक, मग लेखक, तळाशी नुसता वाचक. धम्मरत्नने ग्रामसभेत हे समजावलं तेव्हा पेच उभा राहिला. सरपंच ॲडमिन, तर मग उकंडराव (माजी उपसरपंच, दोनदा) संपादक कसे?

"आमी कोनाच्या खाली काऊन बसाव बे?" उकंडरावांनी एवढंच विचारलं.

प्रश्न रास्त होता. सबब मागेल त्याला ॲडमिन करावे, असा ठराव एकमताने झाला. ॲडमिन सदतीस. संपादक शून्य, लेखक शून्य. वाचक एक (शाळेतले गुरुजी; त्यांची बदली झाली).

महिनाभरात साइटने डोळ्यांत भरेल अशी प्रगती केली. पान उघडलं की वरून खाली: सरपंच, हात जोडून, उकंडराव, फेट्यात, उकंडरावांचे व्याही, मोठ्या फेट्यात, बचत गटाच्या अध्यक्षा शालूबाई आणि अध्यक्षांचे यजमान (यजमान मोठे), भजनी मंडळ, एकूण नऊ, पैकी दोघे डोळे मिटलेले, बुधवारी नळ पहाटे सव्वापाचला, ज्ञानेश्वर, वाढदिवसानिमित्त (वाढदिवस होऊन गेला आहे), त्याचा ट्रॅक्टर, ट्रॅक्टरला शुभेच्छा देणारं मित्रमंडळ. आठवड्यात साइट बाराशे वेळा उघडली गेली. त्यातल्या अकराशे ऐंशी भेटी आपला फोटो खाली तर सरकला नाही ना, हे बघण्यासाठी होत्या. धम्मरत्नने फोटो वेगळ्या पानावर हलवायला घेतले, तेव्हा सदतीसांपैकी कुणीतरी त्याला वाचक करून टाकलं. पद रिकामंच होतं.

बुधवारी पाणी आलं आणि गेलं. सदतीस ॲडमिनांच्या घरी एकही हंडा भरला नाही. धम्मरत्न परगावी याच सॉफ्टवेअरचे फायदे सांगायला गेला होता. जनकाबाई दिवसभर नळाशी बसून राहिली. पाणीही नाही आणि रोजही नाही.

"साइटवर होतं ना, माय," परत आल्यावर तो म्हणाला. त्याचा चेहरा उतरला होता.

"पाह्यलं ना बाप्पा," ती म्हणाली. "पन तिथं समदे मोठाले लोकं उभे हायेत. त्यायच्या मांगं पानी हाय, हे मले कसं दिसन?"

हे ऐकून मला खरोखर वाईट वाटलं. भजनी मंडळातले डोळे मिटलेले दोघे, त्यातला एक मी.

ग्रामसभेने चौकशी करून मोतीरामवर ठपका ठेवला: त्याने वेळ कळवली नाही. मोतीराम कळवली म्हणतो.

तुम्ही शहाणे आहात, आमच्या गावाला हसत असाल. हसा. फक्त वर न बघता सांगा, पाणी किती वाजता आलं? वेळ मी स्पष्ट लिहिली होती. तुम्हीही फोटोच बघत होता.