दोन अक्षरांचं शेपूट

किल्लीशेठच्या मते जगात दोनच जातीची कुलपं होती. एक, त्यांनी उघडलेली. दुसरी, त्यांच्यापर्यंत अजून न पोचलेली! गल्लीच्या तोंडाशी त्यांचं कपाटाएवढं दुकान होतं. आत किल्ल्या अशा दाटीने टांगलेल्या, की पंखा लावला की भांड्यांची मांडणी कोसळल्यासारखा आवाज व्हायचा.

एका दुपारी त्यांनी जेवता जेवता जाहीर केलं, "आता आपण इंटरनेटवर जाणार!"

"जपून जा," बायको म्हणाली. "भाजी वाढू?"

मेव्हणी कॉम्प्युटरच्या कामात तरबेज. तिने वेबसाइट बनवायला घेतली आणि लगेच मान हलवली. "भावोजी, तुमच्या दुकानाचं नाव लोकांनी आधीच पळवलंय. एकच शेपूट मोकळं दिसतंय."

"कसलं शेपूट?"

"नावाच्या शेवटी टिंब देऊन दोन अक्षरं येतात ना, ती. प्रत्येक देशाची वेगळी असतात. ही कुठल्याशा लांबच्या बेटाची आहेत."

किल्लीशेठनी अक्षरं पाहिली आणि मांडीवर थाप मारली. एक त्यांच्या नावाचं पहिलं अक्षर, दुसरं बायकोच्या! "हेच घे! असा योग पुन्हा यायचा नाही!"

"माझं अक्षर मागे का?" बायकोने विचारलं.

"पण भावोजी, ते बेट..."

"असू दे गं. आपल्याला काय तिथे बिऱ्हाड करायचंय?"

झालं! पानावर किल्लीशेठचा हसरा फोटो लागला, आणि खाली त्यांनी स्वतः सुचवलेली ओळ : 'हाक मारा, आलोच!'

आठवडाभर कुणीच हाक मारली नाही. मग एका सकाळी मोबाइल खणखणला. एक बाई धापा टाकत बोलत होती. "कुलूपवाले ना? माझा नवरा गोदामात कोंडलाय! वाऱ्याने दार आपटलं आणि कुलूप आपोआप बसलं! लवकर या!"

"पत्ता?"

"धक्क्यामागचं गोदाम. एकच तर आहे!"

गावात नदीचा धक्का होता. त्यामागे गोदामही एकच होतं. किल्लीशेठ हत्यारांची पिशवी घेऊन स्कूटरवरून असे सुटले, की चौकातली कबुतरं उडायच्याऐवजी बाजूला पळाली.

गोदामापाशी चिटपाखरू नव्हतं. दार लोखंडी, भलंमोठं. "घाबरू नका हो!" असं आतल्या नवऱ्याला ओरडून सांगत त्यांनी कुलपात आकडा घातला, आणि त्याच क्षणी मागून त्यांची कॉलर कुणीतरी धरली.

"भरदिवसा?" रखवालदार म्हणाला. "लाज नाही वाटत?"

"अहो, आत माणूस आहे!"

"आत सिमेंट आहे!"

किल्लीशेठनी लोंबकळतच फोन लावला. "बाई, मी गोदामापाशी आलोय. तुम्ही कुठे आहात?"

"आम्हीही गोदामापाशीच! अख्खं गाव जमलंय!"

"मला कुणी दिसत नाही!"

"आम्हालाही तुम्ही दिसत नाही!"

"हात हलवा!"

"सगळे हलवतोय!"

किल्लीशेठनी चारी दिशांना पाहिलं. रखवालदारानेही पाहिलं. एक म्हैस तेवढी शेपूट हलवत होती.

"बाई, पाणी तुमच्या कुठल्या बाजूला आहे?"

"सगळ्या!"

मग हळूहळू उलगडा झाला. बाई त्या बेटावरची दुकानदारीण होती. नावाला बेटाचं शेपूट पाहून, हा इथलाच कुलूपवाला असं समजून सगळं बेट हरखलं होतं. किल्ली कप्तानाच्या खिशात राहून बोटीबरोबर निघून गेली होती, आणि बोट परत यायला दोन महिने होते.

"आत खायला-प्यायला आहे, फटीतून हवाही येते," बाईंचा आवाज चिरकला. "पण दिवा नाही हो. आणि त्याला अंधाराची भीती वाटते. हे आजवर फक्त मला माहीत होतं. आता सगळ्या बेटाला माहीत झालंय."

फोनमधून दाराआडचं बारीक रडणं ऐकू आलं. रखवालदाराने कॉलर सोडली. "अरेरे," तो म्हणाला. "मलाही वाटते."

किल्लीशेठनी बाह्या सरसावल्या. 'चूक झाली' म्हणून फोन ठेवता आला असता, पण समोरच्या रडण्याला कुलूप लावायचं कसं? "बाई, कॅमेरा कुलपावर धरा. हं, हे जुन्या घडणीचं! आमच्या इथलंही अस्संच आहे. केसांतले दोन आकडे काढा. मी इथे करतो, तसं तिथे करा."

"इथे करायचं नाही!" रखवालदार गरजला.

"मग त्या माणसाला रडू द्यायचं?"

रखवालदाराने नदीकडे तोंड फिरवलं. "मी पाहत नाहीये," असं म्हणून तो फोन मात्र नीट धरून उभा राहिला.

"हलक्या हाताने... कान लावा... झोपलेल्या पोराच्या मुठीतून खाऊ काढतो ना, तसं!" बाईंचा पहिला आकडा वाकला. दुसरा मोडला. जमलेल्या बायकांनी आपापले आकडे पुढे केले. बाईंच्या कपाळावरून घाम, किल्लीशेठच्या कपाळावरून घाम, आणि न पाहणाऱ्या रखवालदाराच्या कपाळावरून सगळ्यांत जास्त!

खट्! दोन्हीकडे एकदमच!

बेटावर आरोळी उठली. दारातून मिशांना बिस्किटांचा चुरा लागलेला एक धिप्पाड माणूस बाहेर आला आणि बायकोच्या गळ्यात पडून हुंदके देऊ लागला. इकडे रखवालदार डोळे पुसत पुसत उघड्या गोदामाकडे बघत होता. "हे आधी बंद करा," तो म्हणाला, "मग मी मनमोकळा रडतो."

पुढचे तीन महिने किल्लीशेठ जमिनीवरून चालतच नव्हते. "सातासमुद्रापार!" प्रत्येक गिऱ्हाइकाला किल्लीबरोबर हा किस्सा फुकट मिळत होता.

मग बोटीने बेटावरून पत्र आलं. बायको खांद्यावरून वाकून वाचू लागली.

'तुमचे फार उपकार झाले. त्या दिवशी सगळे बघत होते, त्यामुळे आता बेटावर कुणीही कुठलंही कुलूप उघडतं. सगळ्यांत तरबेज माझा नवरा. त्याने टॉर्च घेतलाय आणि रोज संध्याकाळी गोदामात बिस्किटांपाशी सापडतो. आत गेलेल्याला बाहेर काढायला शिकवलंत. आता नवऱ्याला बाहेरच कसं ठेवायचं, तेवढं शिकवा.'

किल्लीशेठनी उत्तर लिहायला कागद ओढला आणि पेन्सिल कानामागे खोचली.

"उत्तर सुचलं," बायको म्हणाली, "की मलाही सांगा."