भिमाजी पगारेची हरायची मोहीम

"हरायला काय अक्कल लागते?" भिमाजी पगारेनं छाती काढून बायकोला विचारलं. "डोळे मिटून हरेन!"

अक्कल लागत नसेल, तर भिमाजीला ते जमायलाच हवं होतं. पण या गृहस्थानं ठरवून केलेली एकही गोष्ट आजवर ठरल्यासारखी झाली नव्हती.

साल चौऱ्याऐंशी, महिना मे. भिमाजीची नाशिकच्या कचेरीतून नांदगावला बदली निघाली होती. यशोदाबाई शहरातल्या शाळेत शिक्षिका. त्यांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, "मी नोकरी सोडून येणार नाही. तिकडं एकटे राहा आणि भाकरी थापा." भिमाजीला साधा चहा करता येत नव्हता! बदली थांबवणं खैरनार साहेबांच्या हातात होतं आणि साहेबांना सध्या एकच वेड होतं.

साहेबांच्या विलायतेतल्या मेव्हण्यानं एक खेळ पाठवला होता. दुसऱ्या महायुद्धात इंग्रजांची फौज छत्र्या बांधून विमानातून हॉलंडात उतरली, नदीवरचा पूल घ्यायला गेली, त्या लढाईचा खेळ. पलंगाच्या चादरीएवढा नकाशा, त्यावर मधमाशांच्या पोळ्यासारखी घरं, नखाएवढे पुठ्ठ्याचे चौकोन म्हणजे पलटणी आणि चौसष्ट पानी नियमांचं पुस्तक! साहेबांनी रविवारचं आमंत्रण देताच निम्म्या कचेरीच्या आज्या एकदम आजारी पडल्या. हात वर केला तो एकट्या भिमाजीनं.

"मी इंग्रजांचे छत्रीवाले घेणार," तो म्हणाला. "ते खऱ्या लढाईतसुद्धा हरले होते. अख्खा इतिहास माझ्या बाजूनं आहे! साहेब जिंकले की खूश, आणि खूश झाले की बदली रद्द."

"तुमच्या बाजूनं कोणी असलं की मला धास्तीच वाटते," यशोदाबाई म्हणाल्या.

रविवारी सकाळी साहेबांच्या बंगल्यावर लढाई जुंपली. पुठ्ठे उडू नयेत म्हणून टेबलफॅन बंद. दोघंही घामानं निथळत होते. भिमाजीनं पहिल्याच खेपेला आपले छत्रीवाले पुलापासून लांब, जंगलात उतरवले. शेंबड्या पोरालाही हसू आलं असतं. पण साहेब दचकले.

"पगारे! माझे रणगाडे पुलावरून हलवायचा बेत दिसतो!"

"छे छे, साहेब! चुकून झालं."

"विनय पुरे!" म्हणत साहेबांनी निम्मे रणगाडे जंगलाकडे धाडले.

आता हरायचंच म्हणून भिमाजीनं मूठभर छत्रीवाले सगळ्यात जाड रणगाड्यावर सोडले. फासा टाकला. सहा! पुन्हा टाकला. सहा! जन्मात सोंगट्या खेळताना ज्याला सहा पडले नाहीत, त्याला आज दुसरा आकडा पडेना. साहेबांचे रणगाडे बाद होत गेले आणि भिमाजीच्या डोळ्यांसमोर नांदगावचा स्टोव्ह पेटू लागला.

पूल वाचवायला साहेबांकडे तीन रणगाडे उरले. भिमाजीनं शेवटचा उपाय योजला. पाणी पिण्याच्या निमित्तानं तो उठला आणि जाता जाता त्यानं टेबलफॅनचं बटण दाबलं. सगळा डावच उधळला की हरलं काय आणि जिंकलं काय!

फॅन नेमका त्याच्याच बाजूनं सुटला. नदीकाठावर थांबलेले छत्रीवाले भुर्रकन उडाले आणि थेट पुलावर जाऊन पडले. साहेबांचे तिन्ही रणगाडे फरशीवर!

"अरेरे! साहेब, डाव रद्द करू या!" भिमाजी आनंदानं ओरडला.

"थांबा!" साहेबांनी पुस्तक उघडलं. "नियम एकतीस. वाऱ्यानं भरकटलेले छत्रीवाले पडतील तिथं उतरले असं धरावं. नकाशाबाहेर गेलेली पलटण बाद."

"पण साहेब, वारा फॅनचा होता!"

"वारा कशाचा असावा, हे नियमात लिहिलेलं नाही."

आयुष्यभर लोकांचे अर्ज अशाच कलमांवर परत पाठवणारा भिमाजी फरशीवरचे रणगाडे वेचू लागला. साहेबांनी उठून त्याचा हात हातात घेतला. डोळ्यांत कौतुक मावत नव्हतं.

"खरं सांगतो, पगारे, मी तुमची बदली रद्दच करणार होतो. तुम्ही कामाचे माणूस वाटत नव्हतात. नांदगावला तीन वर्षांची कामं तुंबलीत. तिथं असाच सेनापती हवा!"

आता भिमाजी नांदगावला एका खोलीत राहतो. दिवसाआड साहेबांचं पोस्टकार्ड येतं, त्यात त्यांची पुढची चाल असते. जिंकून दाखवलं की तोलाचा गडी समोर हवा म्हणून साहेब परत बोलावतील, या आशेनं तो आता जीव तोडून खेळतो, चौसष्ट पानं तोंडपाठ करून खेळतो. लागोपाठ अकरा डाव हरलाय! परवाच्या कार्डावर साहेबांनी खाली दोन ओळी जास्त लिहिल्या होत्या:

"पगारे, तुमचा खेळ फार घसरला आहे. अशा अवस्थेत तुम्हाला नाशिकला आणणं योग्य वाटत नाही."

भिमाजीनं त्या ओळी तीनदा वाचल्या. तोवर तव्यावरची भाकरी करपली होती.