आज तरी नेट जाऊ दे

करुणाने वायरला हात लावला नव्हता. हे तिने नवऱ्याला सांगितलं, सासूला सांगितलं, पोटच्या पोरीला सांगितलं, दारात येणाऱ्या मासेवालीलासुद्धा सांगितलं, आणि एकानेही विश्वास ठेवला नाही. मासेवाली तर टोपली डोक्यावर घेता घेता म्हणाली, “जाऊ दे गो बाय, लागतो कधी कधी हात.” जिचा त्या वायरशी काडीचा संबंध नाही तिलाही करुणाच चोर वाटावी, म्हणजे हद्द झाली. (त्या दिवशी करुणाने तिचे बांगडे परत टोपलीत टाकले. मग घरादाराला डाळभात गिळावा लागला, आणि त्याचंही खापर करुणाच्याच डोक्यावर फुटलं.)

प्रकरण असं होतं. करुणाची लेक आम्रपाली एम.टेक. करत होती. तेही साधं नाही, कॉम्प्युटर नेटवर्किंगमध्ये. आधी मुंबईला हॉस्टेलवर राहून शिकली, आणि शेवटच्या प्रोजेक्टसाठी गावी आली. गाव गुहागरपासून हेदवीकडे जाताना लागतं, घर बौद्धवाडीत, आणि घरात माणसं चार. करुणा, नवरा महेंद्र, सासू येसूबाई आणि ही शिकणारी. महेंद्र गुहागरला हायस्कुलात क्लार्क, त्यामुळे घरी आला की तो फक्त सह्या केल्यासारखी मान हलवायचा.

नेटवर्किंग म्हणजे काय, ते चौथी शिकलेल्या डोक्यात शिरावं म्हणून करुणाने मनापासून प्रयत्न केला होता.

“दोन कॉम्प्युटर एकमेकांशी बोलतात ना आई, त्याचा अभ्यास.”

“त्यांना एवढं काय बोलायचं असतं?”

“माहिती पाठवतात. इकडची तिकडे.”

“कोणाची?”

“कोणाचीही.”

म्हणजे चहाड्या. करुणाला बरोबर समजलं. वाडीतल्या निम्म्या बायका हेच काम वर्षानुवर्षं फुकट करत होत्या, त्यांना कोणी पदवी दिली नव्हती.

वाडीला मात्र करुणाएवढंही समजलं नव्हतं. पोरगी नेटवर्कचं शिकते म्हटल्यावर लोक फोन घेऊन दारात उभे राहायला लागले. कोणी म्हणे, “माझ्या घरात रेंज येत नाय, तिला सांग जरा टॉवर वळवायला.” एकाने विहिरीचा पंप आणून ओट्यावर ठेवला. आम्रपाली म्हणाली, हे माझ्या अभ्यासात येत नाही. पंपवाला म्हणाला, “मग इतकी वर्षं मुंबईत केलंस काय?” करुणाने त्याला पंपासकट खाली उतरवलं. पण रात्री तिच्याही मनात आलंच, की खरंच, केलं काय?

तेव्हा आम्रपालीने प्रोजेक्ट समजावून सांगितलं. नेटचा एक रस्ता बंद पडला तर माहितीने आपोआप दुसऱ्या रस्त्याने जायचं, मधे कोणाला कळतासुद्धा कामा नये. हे करुणाला पटलं. चिपळूणच्या रस्त्यावर झाड पडलं की यष्टी दुसरीकडून फिरवतात, तसं.

“फक्त यष्टी फिरवली की कळतं सगळ्यांना,” करुणा म्हणाली. “कंडक्टर शिव्या देतो.”

आता मुख्य दुखणं. घरात नेटची वायर आली होती आणि तिचा डबा स्वयंपाकघराच्या भिंतीवर होता. डब्यावर हिरवे दिवे लुकलुकायचे. आणि रोज, जेवणाच्या आधी, हे दिवे विझायचे. थोड्या वेळाने आपले आपण लागायचे, पण तेवढ्यात आम्रपालीचं सकाळपासूनचं काम पाण्यात गेलेलं असायचं. ती पुढच्या खोलीत कानाला ते भलेमोठे हेडफोन लावून बसलेली असायची, तिथून तरातरा आत यायची.

“आई! वायर का काढलीस?”

“मी कशाला काढू?”

“मग इथे दुसरं कोण आहे?”

दुसरं कोणी नसायचं हे खरं. त्या वेळी स्वयंपाकघरात करुणाच असायची, भांडी विसळत. आता स्वयंपाकघरात बाईमाणूस असणं हा गुन्हा आहे का? तिथे नसती तर ही सगळी जेवली असती काय?

करुणाने आधी वानरांवर संशय घेतला. वायर आंब्याच्या फांदीवरून आली होती आणि वानर तिच्यावरून राजासारखे चालत. तिने गलोल घेतली. दोन दिवस तिने वानरांना अशा शिव्या घातल्या की शेजारच्यांनी घराचे दरवाजे लावून घेतले. वानर गेले, नेटही जातच राहिलं. मग तिने वायर टाकणाऱ्या रितेशला बोलावलं. तो आला संध्याकाळी. डबा बघितला, वायर बघितली, आंब्यावर चढून आला, आणि म्हणाला, “लाइन टकाटक आहे वहिनी. घरातलंच कोणीतरी हात लावतंय.” त्याच्यासाठी ठेवलेला चहा करुणाने त्याच्या डोळ्यांदेखत म्हशीच्या आंबोणात ओतला. उरली सासू.

“आई, तुम्ही काठीने काय चाळा करता काय डब्याशी?”

“मला काठी धरायला जोर नाय, आणि वायर उपटतंय व्हय?” येसूबाई कडाडल्या. “तूच वढतंस. सगली सांगतात.”

महेंद्रने मान हलवली.

अशात तोंडी परीक्षेचा दिवस येऊन ठेपला. परीक्षा घेणारे सर मुंबईत, परीक्षा देणारी इथे, मधे ती वायर. पुण्याच्या एका कंपनीने आम्रपालीसाठी नोकरी धरून ठेवली होती, पण पास झाल्याचं कळल्याशिवाय ते तिला दारात उभं करणार नव्हते. आणि ही परीक्षा बिनसली तर पुढची तारीख थेट दिवाळीनंतर. तोवर कोण कोणाची नोकरी धरून बसतं? वाडीतून एम.टेक. होणारी पहिली पोरगी. ती नापास झाली तर कोणामुळे, हे वाडीने आधीच ठरवून ठेवलेलं होतं.

म्हणून करुणाने ठरवलं, की आज आपण डब्याखाली बसायचं. परीक्षा संपेपर्यंत उठायचं नाही, कोणाला जवळ येऊ द्यायचं नाही, चूल पेटवायची नाही की चहा टाकायचा नाही. निर्णय एवढासाच. पुढचं सगळं त्यानेच झालं.

सकाळी आम्रपालीने लॅपटॉप डब्याजवळच आणून मांडला. लाइट गेली तर पंचाईत नको म्हणून लॅपटॉप आणि फोन बॅटरीवर ठेवले, डबा तेवढा विजेवर राहिला. महेंद्रने रजा टाकली. करुणा पोरीच्या पाठीमागे पाट मांडून बसली. सरांचा चेहरा स्क्रीनवर उगवला.

“नमस्कार. मागे कोण बसलंय?”

“माझी आई आहे, सर.”

“त्यांच्या हातात काय आहे?”

“कोयता, सर.”

सरांनी चष्मा नाकावर नीट बसवून पुन्हा बघितलं.

“कशासाठी?”

“नेट राखतेय ती.”

“जय भीम सर,” करुणा मागून म्हणाली. “तुम्ही बिनघोर विचारा. इथून नेट हलत नाही.”

आम्रपालीने तास-दीड तास काय काय सांगितलं. करुणाला त्यातलं ‘सर’ तेवढं कळलं. मग आम्रपाली म्हणाली, आता प्रत्यक्ष दाखवते, आणि तिने बापाला खूण केली. महेंद्र उठला, डब्याजवळ आला आणि त्याने वायरला हात घातला.

करुणाने कोयता उचलला. “तुम्ही? तुम्ही होतात होय ते?”

“अगो, तिनेच सांगितलंय ओढायला!”

“परीक्षेच्या दिवशी वायर ओढायला सांगेल? माझी पोरगी काय खुळी आहे?”

“आई, ओढायचीच आहे! तोच तर प्रोजेक्ट आहे!”

करुणाचं डोकं गरगरलं. महिनोन् महिने वायर ओढली म्हणून जिचा जीव खाल्ला, तिच्यासमोर आता नवरा ठरवून वायर ओढणार, आणि त्याला पदवी मिळणार. (त्याला नव्हे, पोरीला. पण रागात कोण वेगळं करतंय?) तिने कोयता खाली केला. महेंद्रने वायर ओढली, आणि सर तसेच्या तसे स्क्रीनवर! नेट दुसऱ्या रस्त्याने गेलं होतं, फोनच्या सिमवरून.

“मग हे आधी का नाही केलंस?” करुणा ओरडली. “मी शिव्या खाल्ल्या त्या?”

“कालच पुरं झालंय, आई. गप्प बस ना.”

महेंद्रने वायर परत लावली. आता टाळ्या पडतील असं करुणाला वाटलं. पण सरांनी चष्मा काढून पुसला.

“वायर तुम्ही खूण करून ओढलीत. कधी ओढणार ते तुम्हाला माहीत होतं. अशाने मला काय कळणार? तुम्ही रिपोर्टात लिहिलंय, घरची लाइन रोज जेवणाआधी पडते आणि कारण सापडलेलं नाही. मग आपण थांबू. ती खरोखरची पडू दे. तेव्हा तुमचं काम टिकलं तर पास.”

सगळे थांबले. महेंद्र डब्याकडे बघत बसला. आम्रपाली डब्याकडे बघत बसली. मुंबईतले सर, डबा दिसत नव्हता तरी, त्या दिशेने बघत बसले. दिवे मजेत लुकलुकत होते. रोजची वेळ झाली, उलटून गेली. डब्याला काही झालं नाही.

“आज तरी जाऊ दे,” आम्रपाली पुटपुटली.

“मी इथे बसलेली असताना? जाऊनच दाखवू दे!”

“आई, ते जायला हवंय!”

“काल गेलं म्हणून बोंबललीस. आज जात नाही म्हणून बोंबलतेस. तुझ्या पदवीला नक्की काय हवंय?”

कोपऱ्यात येसूबाईंनी काठी आपटली. “आज ही राखीत बसली. आज नेट गेला नाय. आता ज्याला समजायचा त्यानं समजा.”

महेंद्रने मान हलवली. स्क्रीनवरच्या सरांनीसुद्धा, करुणाने स्वतः बघितलं, मान हलवली.

“आई,” आम्रपाली अगदी हळू आवाजात म्हणाली, “रोज जर तूच काढत असशील ना, तर आज एकदा काढ. मी रागावणार नाही. शपथ.”

करुणाच्या डोळ्यांत पाणी आलं. ते तिने लगेच पदराने पुसलं, नाहीतर तेही कबुलीजबाब म्हणून धरलं असतं.

“न केलेलं काम आता करून दाखवू?” ती उठली. कोयता पाटावर फेकला. “बसा तुमचं नेट उरावर घेऊन! नाही राखायचं मला. आजीबाईंना भूक लागलीय, मी आपली माझ्या कामाला लागते.”

“माझ्याकडे आता दहाच मिनिटं आहेत,” सर म्हणाले. “पुढची मुलगी थांबलीय.”

आम्रपालीने डोकं दोन्ही हातांत धरलं. करुणाने तिकडे बघितलंच नाही. तिने खोवलेलं खोबरं घेतलं, मिरच्या घेतल्या, धणे टाकले, सगळ्यांचा राग मुठीत धरून मिक्सरचं झाकण दाबलं आणि बटण फिरवलं.

मिक्सर कोकलायला लागला. वरचा पंखा मरगळला. आणि भिंतीवरच्या डब्याचे सगळे दिवे एकदम विझले.

सरांचं तोंड स्क्रीनवर उघडं राहिलं. मग ते मिटलं आणि त्यातून आवाज आला, “हा कसला आवाज?”

“गेलं! सर, गेलं!” आम्रपाली खुर्चीवरून उडाली. “आणि टिकलं! बाबा, टिकलं!”

महेंद्र चक्क नाचला. करुणाला वाटलं, ही माणसं आपल्यालाच हसतायत. तिने मिक्सर बंद केला. थोड्या वेळाने डब्याचे दिवे लागले.

“पुन्हा करायला सांगा त्यांना,” सर म्हणाले.

“वाटप झालं माझं!”

“पुन्हा वाटा.”

करुणाने पुन्हा वाटलं. डबा पुन्हा विझला. सर बोलतच राहिले. त्यांचा विश्वास बसेपर्यंत घरातले सगळे नारळ संपले आणि वाटप इतकं बारीक झालं की ते चेहऱ्याला लावता आलं असतं.

मग आम्रपालीने उलगडा केला. गावची वीज आधीच अर्धमेली. मिक्सर फिरला की ती सगळी तोच ओढून घेतो, डब्याला पुरत नाही, डबा बंद पडून पुन्हा चालू होतो. हिच्या कानाला हेडफोन, त्यामुळे मिक्सर ऐकू यायचा नाही, आणि ही आत येईपर्यंत आई भांडं विसळत असायची.

करुणा कमरेवर हात ठेवून उभी राहिली. “म्हणजे मी वायरला हात लावला नव्हता.”

“नव्हता, आई.”

“सरांसमोर सांग.”

“सर, माझ्या आईने वायरला कधीच हात लावला नव्हता.”

करुणाने सासूकडे बघितलं, नवऱ्याकडे बघितलं. मासेवालीही इथे असती तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं.

“अभिनंदन,” सर म्हणाले. “तुम्ही पास आहात. फक्त रिपोर्टात लाइन रोज कशाने पडते, तिथे कारण भरा.”

“मिक्सर, सर.”

“मिक्सर आपोआप फिरत नाही. माणसामुळे झालं असेल तर माणसाचं नाव लिहायची पद्धत आहे.”

“यांचं लिहा,” करुणा म्हणाली. “मिक्सर यांनीच आणलाय.”

“मी आणून ठेवला! रोज फिरवला कोणी?”

“मग तुमच्या आईंचं लिहा. त्यांना वाटपाशिवाय घास उतरत नाही.”

“मग आजीचं नाव लिहू?” आम्रपाली गोंधळून म्हणाली.

“एकच नाव,” सर म्हणाले, “आणि लवकर.”

येसूबाई उठल्या. तोवर त्या लॅपटॉपच्या वाटेला गेल्या नव्हत्या. काठी टेकत त्या पुढे आल्या, नातीला बाजूला सारलं, स्क्रीनला नाक टेकवलं आणि मुंबईपर्यंत नेटशिवायही पोचेल अशा आवाजात म्हणाल्या,

“लिवा सर. माजी सून. करुणा.”