बंद प्रिंटरचे नऊ कोट

आपल्यासारखा तपासनीस शंभर वर्षांत एकदाच जन्माला येतो, असं उपेंद्र मोघे स्वतःच सांगत असे. मागच्या शतकातला कोण, असं विचारलं की तो नम्रपणे खिडकीबाहेर बघे. पुण्याहून म्हैसूरला येऊन त्याला आठ महिने झाले होते. रंगनाथराव भावसारांच्या गणवेशांच्या कारखान्यात कॉम्प्युटर सांभाळणं ही त्याची नोकरी. पण टेबलावरच्या पाटीवर 'सर्व्हर-अन्वेषक' हा शब्द त्यानं स्वखर्चानं रंगवून घेतला होता. मशीन कधी बिघडत नसतं, त्याचा घात केला जातो, हा त्याचा सिद्धान्त होता.

त्याची मदतनीस तारा जन्मापासून म्हैसूरची. तिची तीन महिन्यांची चाचणी त्या सोमवारी संपत होती. तिला कायम करायचं की घरी पाठवायचं, हे रंगनाथराव संध्याकाळी ठरवणार होते. नोकरी ताराला मनापासून हवी होती, आणि नेमका त्याच सकाळी मंडी मोहल्ल्यातल्या कटिंगच्या खोलीतला प्रिंटर चालेनासा झाला.

गिऱ्हाइकांची मापं उपेंद्र आणि तारा बसत त्या सरस्वतीपुरमच्या ऑफिसात भरली जात, तिथून ती बेंगळुरूच्या सर्व्हरवर जात, आणि सर्व्हर त्यांची चिठ्ठी मंडी मोहल्ल्यात शांताक्काच्या टेबलाशेजारी छापून काढी. तीन किलोमीटरवरची चिठ्ठी तीनशे किलोमीटर फिरवून आणण्याची ही सोय उपेंद्रनंच केली होती. शांताक्का तीस वर्षं कापड कापत होती. एक चिठ्ठी, एक कोट. चिठ्ठीशी तिनं कधी वाद घातला नव्हता.

त्या दिवशी चाळीस चिठ्ठ्या जायच्या होत्या. दसऱ्याला बन्नीमंटपच्या मैदानावर होणाऱ्या मशालींच्या संचलनात वाजवणाऱ्या एका बँडचे ते लाल कोट होते. शांताक्का चारच्या बसनं सोसल्याला भाचीच्या लग्नाला निघणार होती, ती तीन दिवसांनी परतणार होती, आणि तिच्यावाचून त्या कापडाला कात्री लावायची कोणाची छाती नव्हती. चारच्या आत चिठ्ठ्या पोचल्या नाहीत तर बँडचं आणि ताराचं, दोघांचंही कठीण होतं.

सगळ्या चिठ्ठ्या एकदम सोडून पाहू, असं तारानं सुचवलं. उपेंद्रनं मान हलवली. तपासात आधी एकच प्यादं पुढे करायचं असतं. त्यानं बँडमास्तरची चिठ्ठी निवडली: छाती बावन्न, कंबर अठ्ठावन्न. आकडे भारदस्त होते. हाताला आलेला पहिला साधा ड्रायव्हर, म्हणजे प्रिंटर चालवणारा प्रोग्रॅम, त्यानं सर्व्हरवर चढवला, चिठ्ठी सोडली आणि शांताक्काला फोन लावला.

"चिठ्ठी?" एवढंच त्यानं विचारलं. पलीकडून एक शब्द आला आणि त्यानं फोन ठेवला. साक्षीदाराला दुसरा शब्द बोलू द्यायचा नाही, हा त्याचा दंडक होता. खोटेपणा दुसऱ्या शब्दापासून सुरू होतो. मग त्यानं ताराला लिहून घ्यायला सांगितलं: प्रिंटर बंद.

इथून तपासाला रंग चढला. सर्व्हरच्या यादीत एकाच नावाचे दोन प्रिंटर दिसत होते. उपेंद्रच्या मते त्यातला एक तोतया होता. खरं तर कोणी दुरून सर्व्हरवर शिरलं की त्याच्या प्रिंटरची अशी जोडनोंद होतच असते, पण तारा हे म्हणेपर्यंत तोतया पुसला गेला होता. पुन्हा चिठ्ठी, पुन्हा फोन, पुन्हा बंद. मग नव्या आणि जुन्या ड्रायव्हरचं पिढीजात वैर उघडकीला आलं. मग सर्व्हर आणि प्रिंटर यांच्यामधला कोणी दलाल कागद दाबून ठेवतो, असं निष्पन्न झालं. ड्रायव्हर बदलला की गाडी सुटते, हा एसटीचा नियम त्यानं सर्व्हरला लावला होता. नवव्या ड्रायव्हरलाही गाडी सुटेना, तेव्हा तो एका वायरचा माग काढत टेबलाखाली शिरला. ती वायर पंख्याची होती.

सव्वातीनला त्याचा फोन वाजला. तो वायरीत गुंतलेला, म्हणून तारानं उचलला. पलीकडे शांताक्का होती.

"तारा, त्या सरांना साकु म्हण गं. पुरे झालं. नऊ कोट झाले. बँडातले सगळे एवढेच जाड आहेत काय?"

नऊ कसे, असं तारानं विचारलं.

"सकाळधरनं चिठ्ठी येतेय, मी कापतेय. ते विचारतात, मी 'बंदिदे' म्हणते, की फोन कट."

 तारानं खाली वाकून सांगितलं, "सर, शांताक्का 'बंदिदे' म्हणत होत्या."

"मग मी काय लिहायला सांगितलं?" टेबलाखालून आवाज आला. "आठ महिन्यांत कानडी कोळून प्यालोय मी. इदे म्हणजे आहे. बंद इदे, म्हणजे बंद आहे."

"एकच शब्द आहे, सर. बंदिदे म्हणजे आलंय."

 म्हणजे प्रिंटर सकाळी साडेदहालाच, पहिल्या साध्या ड्रायव्हरनं दुरुस्त झाला होता. उरलेली आठ औषधं धडधाकट रोग्याला पाजली गेली होती.

ताराला रडू येत होतं, पण रडायला वेळ नव्हता. तिनं राहिलेल्या एकोणचाळीस चिठ्ठ्या एकदम सोडल्या आणि फोनवर सगळं खरं सांगून टाकलं. आठ कोटांचं कापड वाया गेलं होतं, आणि ठाणात आता तेवीसच कोट निघणार होते. पलीकडे प्रिंटर घरघरत चिठ्ठ्या काढू लागला.

"अठ्ठावन्न कंबरेत दोन बारीक पोरं बसतात गं," शांताक्का म्हणाली. "चिंध्यांतनं बाह्या काढते. बारीक पोरं किती, बघून सांग."

तारानं चिठ्ठ्या चाळल्या. अठ्ठावीस छातीच्या आतले सतरा निघाले. हवे होते सोळा.

"मग झालं की. चारची सोडते, सहाची बस आहे मला."

संध्याकाळी उपेंद्रनं रंगनाथरावांना अहवाल वाचून दाखवला. ड्रायव्हर निर्दोष, प्रिंटर निर्दोष, गुन्हेगार कानडी व्याकरण. रंगनाथरावांनी तो शेवटपर्यंत ऐकला, कारण ते सभ्य गृहस्थ होते.

"फोन कोण उचलला?" त्यांनी आपल्या म्हैसुरी मराठीत विचारलं.

उपेंद्रनं ताराकडे बोट दाखवलं. त्या बोटात तक्रार होती.

"मग तिला ठेवू या की," रंगनाथराव म्हणाले. "आत्ताच कागद करून द्या. मी सही करून जातो."

उपेंद्र लगेच खुर्चीत बसला. नेमणूकपत्र ही नाजूक चीज, त्याला कुठला ड्रायव्हर योग्य ठरेल, हे आधी तपासावं लागेल, असं म्हणत त्यानं सर्व्हरची यादी उघडली.

तारा तीन महिन्यांत त्याला उलटून एक शब्द बोलली नव्हती. आता ती त्याच्या खुर्चीमागे येऊन उभी राहिली.

"उठा, सर," ती म्हणाली.

तो उठला.